सोनूबाईच्या होडीचं बूच

१

ताडपत्री बाजूला ओढली आणि असा काही भपकारा उठला, की हवालदार राजाराम अहिरे दोन पावलं मागे हटला. नाकाला रुमाल लावून त्याने आत डोकावलं. होडीत पाणी तुडुंब भरलं होतं. वर काळपट साय, कुजलेल्या झावळ्यांचा लगदा आणि मधोमध एक फुगलेली घूस, चारी पाय वर करून. मशीन त्या घाणीत पार बुडालं होतं.

नारळी पौर्णिमा अगदी तोंडावर आलेली. मढच्या किनाऱ्यावरच्या त्या पाड्यात सगळीकडे होड्या उघडून रंगरंगोटी चाललेली, आणि सोनूबाईची होडी ही अशी. सोनूबाईचा नवरा जाऊन वर्षं झाली होती. ती आणि तिचा मुलगा अनंता, दोघांचं पोट या एका छोट्या मशीनच्या होडीवर. आता ती वाळूत बसून छाती बडवत होती आणि बोट एकाच माणसाकडे दाखवत होती.

तो माणूस म्हणजे धर्मा. नात्याने तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. पावसाळ्याआधी पाड्यातल्या होड्या शाकारायच्या, हे त्याचं काम. होडी वर ओढून ओंडक्यांवर बसवायची, ताडपत्री घालायची, तिच्यावर झावळ्यांचं छप्पर करायचं, दोन्ही टोकांना वारा खेळायला फट ठेवायची. आणि सगळ्यात शेवटी बुडाचं लाकडी बूच काढायचं. म्हणजे पाऊस कुठून शिरलाच तरी खालून वाहून जातो, होडीत थेंबभर साचत नाही.

"बूच काढायला इसरला हा," तुळशीदास पाटील म्हणाला. "पावसानं होडी भरली. मशीन गेलं, फळी फुटली. आता सांगण्यासारखं काय उरलं?"

तुळशीदास हा पाड्याच्या जमातीचा पाटील आणि सोनूबाईचा सख्खा भाऊ. मारामारी होऊ नये म्हणून त्यानेच हवालदाराला बोलावून घेतलं होतं. म्हणजे तोंडाने तसं म्हणाला. खरं तर खाकी कपडा बाजूला उभा असला की न्यायाला वजन येतं, एवढं न कळायला राजाराम काही दुधखुळा नव्हता. मुलुंडहून बदली होऊन आल्यापासून त्याच्या टोपीला बुरशी आली होती, चौकीच्या पिंपात अळ्या वळवळत होत्या, आणि त्यात हे. त्याला मनापासून वीट आला होता.

धर्मा होडीखाली सरकला. हाताने चाचपून त्याने बूच उपसलं. पाण्याचा लोट बाहेर पडला तो थेट राजारामच्या बुटांवर. घूस गरगर फिरत खाली बसली. धर्माने फडकं गुंडाळलेलं ते बूच हवालदाराच्या हातात ठेवलं. फडक्याच्या घडीतून काहीतरी पिवळट-तांबडं बोटांना लागलं. कोणा पानखाऊची थुंकी असणार! राजारामला शिसारी आली. त्याने बोटं रुमालाला खसाखसा पुसली आणि बूच पिशवीत टाकलं.

तुळशीदासने तिथेच सुनावलं. उद्या दुपारी जमात बसेल. धर्माची स्वतःची वल्ह्याची होडी सोनूबाईला द्यायची आणि पुढे पाड्यातल्या कुठल्याच होडीला धर्माने हात लावायचा नाही. त्या वल्ह्याच्या होडीवर धर्माची चूल पेटत होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तेव्हा धर्माने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बूच मी काढलं होतं. वयनीच्या हातात दिलं होतं."

सोनूबाईचं रडणं चटकन थांबलं.

"देवाशप्पत, त्यानं माझ्या हातात काय बी दिलं नाय."

२

धर्माच्या खोपीत बसायला पाट नव्हता. त्याच्या बायकोने, मंजुळाने, हवालदाराला जुन्या टायरच्या ढिगावर बसवलं. टायर ओले, बुळबुळीत. पँटची वाट लागणार हे उघड होतं, पण चहा चांगला होता.

"हे एवढे टायर कशाला जमवलेत?" त्याने विचारलं.

टायर धक्क्याचे होते. होडी धक्क्याला लागताना दगडावर घासू नये म्हणून ते तिथे टांगलेले असतात. पावसाळ्यात उधाण ते तोडून नेतं, म्हणून होड्या वर आल्या की धर्मा सगळे काढून आणतो आणि पुनवेला परत टांगतो. पावसाळ्यात धक्का उघडाच असतो. एरवी तिथे होडी लागतेच कुठे, पुनवेआधी दर्यात उतरायचंच नाही म्हटल्यावर!

मग त्याने बुचाचं विचारलं. बूच सोनूबाईच्या हातात का द्यायचं? आपल्याच खोपीत का नाही ठेवायचं?

मंजुळाने त्याच्याकडे असं पाहिलं, की याला आईने काही शिकवलंय की नाही. होडी झोपली की तिचं बूच घरच्या बाईच्या ओटीत घालायचं. ती ते देव्हाऱ्यात ठेवते, रोज हळदकुंकू लावते. पुनवेला नारळाबरोबर तीच ते बाहेर आणते आणि शाकारणाऱ्याच्या हातात देते. तोवर बूच देवाचं. दुसऱ्या घरात ते रात्रभर राहिलं तरी बाया जिवाला खातात. गेल्या साली जानकीचं बूच द्यायला धर्माला एक रात्र उशीर झाला, तर ती उजाडायच्या आत दारात उभी, शिव्या घालत. सगळा पाडा गोळा केला होता तिने.

धर्मा कोपऱ्यात जाळं विणत बसला होता. राजारामने त्याला विचारलं, मध्ये कधी होडीकडे फेरी मारली नाहीस? तर म्हणाला, दर आठवड्याला मारतो. पण आषाढात लेक बाळंत झाली, म्हणून दोघं उत्तनला गेली होती. परत आल्यावर ताप भरला. उठला तो आत्ता.

"तुम्ही नव्हतात तेव्हा इथे काय झालं?"

"शूटिंग झालं म्हणत्यात," मंजुळा म्हणाली. "आमच्याशी त्यावर कोण धड बोलत नाय. आमी आलो की विषय बदलत्यात."

३

राजाराम पुन्हा होडीपाशी गेला. घाण निथळली होती आणि आता काठालगतची फुटलेली फळी स्वच्छ दिसत होती. पाणी साचून फुटली म्हणे. म्हणजे आतल्या भाराने. पण मग ती बाहेर फुगायला हवी होती. ही तर आत दबली होती. बाहेरच्या हिरव्या रंगावर लांबलचक ओरखडे होते, एका रांगेत, सुरीने ओढल्यासारखे. फटीत काहीतरी टोचलं. त्याने नखाने उकरलं, तर पांढुरका, धारदार तुकडा निघाला. कालवाच्या शिंपीचा.

तो तसाच धक्क्यावर गेला. धक्क्याच्या दगडांना कालवं लगडलेली, हात लावावा तर कापून निघावा. एका दगडावर हिरवा रंग चोपडलेला होता. टायर टांगलेले असताना तिथे होडी घासणं शक्यच नाही. टायर निघाल्यावर, म्हणजे भर पावसाळ्यात, ही झोपलेली होडी उठून धक्क्यावर आली होती आणि परत जाऊन पांघरूण घेऊन निजली होती.

धक्क्याला लागूनच शूटिंगला भाड्याने जाणारा बंगला. त्याची देखरेख जयंतीभाईकडे. जयंतीभाई पंख्याखाली शेंगदाणे खात बसला होता आणि सालं फरशीवर फुंकत होता. शूटिंग? हो, झालं ना, आषाढात. पावसातली उघडीप बघून हिरो धक्क्यावर बोटीतून उतरतो असा सीन. बोट कुठली? वर्सोव्याची असेल, आपल्याला काय माहीत. चालवत कोण होतं? कोणीतरी छोकरा, गॉगल लावून. हिरोच्या मागे उभा राहायला मिळावं म्हणून पैसेसुद्धा मागितले नाहीत त्याने.

"बघायला गाव जमलं असेल," राजाराम म्हणाला.

"गाव? अरे साहेब, दोर बांधून आवरावं लागलं. एकही माणूस घरात नव्हता."

एकही माणूस घरात नव्हता. म्हणजे सकाळी वाळूत गोल करून उभे असलेले, मान खाली घालून धर्माच्या होडीचा निकाल ऐकणारे ते सगळे. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. पाटलाच्या बहिणीविरुद्ध ब्र काढायचा कोणी? धर्मासारखा गरीब आयता सापडला, झालं.

वाटेत अनंता भेटला. आभाळ गच्च भरलेलं, अंधारून आलेलं, आणि याच्या शर्टाला गॉगल अडकवलेला. केस कानांवर आणून कापलेले. राजारामने सहज विचारल्यासारखं विचारलं, शूटिंगच्या दिवशी कुठे होतास? लांबून बघितलं, म्हणाला. होडी कोणाची होती? वर्सोव्याची, म्हणाला, तेसुद्धा प्रश्न पुरता व्हायच्या आत.

"तुझ्या होडीचं बूच तुझ्या आईकडे नव्हतंच?"

"नव्हतं," अनंता म्हणाला. "आमच्या देव्हाऱ्यात येऊन बघा. धर्माकाकानं दिलंच नाय. आईनं देवाची शप्पत घेतलीय ना, आता काय तिला खोटी पाडता?"

तिथेच घोडं अडलं. होडी बाहेर गेली हे खरं, पण शपथ मोडायची कशी? धर्मा बूच काढायला विसरला आणि अनंताने तशीच होडी नेली, असं ठरलं तर? होडी भरली ती धर्मामुळेच, असं तुळशीदास पुन्हा म्हणणार. फळी कशाने का फुटेना, बूच न काढल्याचा दोष धर्माच्या गळ्यातून सुटत नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाराम चौकीमागे कपडे धुवायला बसला. त्याला कशातच राम वाटत नव्हता. दुपारी जमात बसणार, शिंपीचा तुकडा दाखवून तो चार शब्द बोलणार, लोक ऐकल्यासारखं करणार आणि धर्माची होडी सोनूबाईच्या दारात जाणार. घाण, सगळी घाण. बुटांतून अजून त्या घुशीचा वास येत होता.

रुमाल हातात आला. पानाच्या थुंकीचा तो डाग पिवळट पडला होता. नाक मुरडून त्याने त्यावर साबण घासला.

डाग लालभडक झाला.

राजाराम तसाच उकिडवा बसून राहिला. पानाचा डाग साबणाने काळवंडतो, असा पेटत नाही. असा पेटणारा डाग त्याने आयुष्यभर पाहिला होता. वरण सांडलेल्या सदऱ्यावर साबण लागला की त्याची बायको शांताबाई दर खेपेला वैतागून म्हणायची, गेला आता हा सदरा.

त्याने हात पुसले, पिशवीतून बूच काढलं आणि त्यावरचं ओलं फडकं हलकेच उलगडलं. घडीत अजून चिखल होता. वर पिवळा, खाली तांबडा. त्याने तो नाकाशी नेला. कुबट वासाखालून ओळखीचा वास आला. त्याने आख्खा किनारा ऐकेल अशी एक शिवी हासडली.

५

जमात होड्यांच्या मांडवात बसली. पावसाची झिमझिम चालू होती. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, मध्ये घोंगडीवर तुळशीदास. धर्मा उभा होता. मंजुळा त्याच्यामागे, पदर तोंडाशी धरून. त्यांची वल्ह्याची होडी कोणीतरी आधीच ओढून सोनूबाईच्या दारापाशी नेऊन ठेवली होती. निकालाआधीच. ते पाहून राजारामचं डोकं सणकलं.

त्याने शिंपीचा तुकडा दाखवला, धक्क्यावरच्या हिरव्या रंगाचं सांगितलं. होडी शूटिंगला गेली होती आणि अनंताने नेली होती, हे तोंडावर सांगितलं. कोणी आश्चर्याचा आवाजसुद्धा काढला नाही. काढणार कसा? सगळे तिथे हजर होते.

अनंताने गॉगल चाचपला. तुळशीदासने मात्र समजूतदारपणाचा आव आणला.

"पोरानं चूक केली असंल. त्याला आम्ही बघून घेऊ. पण बूच धर्मानं काढलं नाय, ते तसंच हाय. ते काढलं असतं तर होडी भरली नसती."

"बूच होडीतच होतं, हे नक्की?" राजारामने विचारलं.

"जूनपास्नं."

राजारामने बूच काढून घोंगडीवर ठेवलं आणि शेजारी रुमाल पसरला. लाल डाग सगळ्यांना दिसेल असा.

"मग त्याला हळदकुंकू कोणी लावलं? होडीच्या बुडात शिरून?"

मांडवात चुळबूळ झाली. बायांकडून आधी. जानकी, जी गेल्या साली बुचासाठी भांडली होती, ती उठून पुढे आली, वाकून बुचाचा वास घेतला आणि सोनूबाईकडे बघत जागेवर जाऊन बसली. पण तुळशीदास मुरलेला माणूस. म्हणाला, हळद गेल्या सालची असंल, दर साली बूच देव्हाऱ्यात असतंच की.

"सगळा हंगाम समुद्रात बुडून राहिली आणि गेली नाही?" राजाराम म्हणाला. "बरं, राहू द्या. हळद सोडा. मला दुसरंच विचारायचंय. सोनूबाई, होडी शाकारली त्या दिवशी धर्माने तुम्हाला बूच दिलं नाही. बरोबर?"

"नाय दिलं." आवाज आता बारीक झाला होता.

"मग तुम्ही मागायला का नाही गेलात?"

सोनूबाईने वर पाहिलं.

"या जानकीबाईंना एक रात्र उशीर झाला, तर त्यांनी पाडा डोक्यावर घेतला. तुमचा देव्हारा आख्खा पावसाळा रिकामा राहिला. आणि तुम्ही कधी धर्माच्या दारात गेला नाहीत? एका शब्दाने विचारलं नाहीत? अहो, तुमच्यातली कुठली बाई गप्प बसेल? तुम्ही गप्प बसलात, कारण बूच तुमच्याकडे होतं. रोज त्याला हळदकुंकू लावत होतात. आणि ते तुमच्या पोराला तुम्हीच काढून दिलंत. पुनवेआधी."

सोनूबाईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"आईनं नाय, मीच मागितलं," अनंता एकदम म्हणाला. रडवेला झाला होता तो. आठवड्यापुरतं मागितलं होतं, शूटिंग झालं की परत ठेवणार होता. पण धक्क्यावर आपटून फळी फुटली. शूटिंगवाल्यांच्या माणसांनी होडी घाईने वर ओढून दिली, त्याने ताडपत्री कशीबशी बांधली आणि पळाला. बुचाची आठवणच झाली नाही. हंगामात रोज होडी वर घेतात तेव्हा बूच कोण काढतं? हाताला सवयच नाही. बूच काढायचं ते फक्त होडी झोपवताना, आणि झोपवायचं काम धर्माकाकाचं. नंतर आठवलं तेव्हा सगळं भरून गेलं होतं. आईला सांगितलं, तर आई म्हणाली, गप बस.

"कशासाठी केलंस हे?" राजारामने विचारलं. पैशासाठी म्हणाला असता, तर एकवेळ समजलं असतं.

"हिरोच्या मागं उभं केलं असतं मला," अनंता म्हणाला. "पडद्यावर दिसलो असतो."

राजारामला खरी शिसारी पोराची आली नाही. ती आली पुढच्या क्षणी, जेव्हा मांडवातले तोंडं बांधलेले सगळे एकाएकी बोलायला लागले. मला तेव्हाच वाटलं होतं. धर्मा असं करणारच नाय. मी बोलणार होतो, पण म्हटलं कशाला. ज्याने वल्ह्याची होडी ओढून नेली होती, तोच धर्माच्या खांद्यावर हात ठेवून हसत होता. तुळशीदासने घसा खाकरला आणि धर्मा निर्दोष असल्याचं असं सांगून टाकलं, जणू ते त्यानेच शोधून काढलं होतं.

सोनूबाई उठली. घोंगडीवरचं बूच तिने उचललं, पदराने पुसलं. दोन्ही हातांत धरून धर्मासमोर आली. पुनवेला नारळाबरोबर देतात तसंच, पण नारळ नव्हता.

"घ्या भावजी," ती म्हणाली. "होडी नीट करून द्या. तुमच्याशिवाय कोण करणार?"

धर्माने बुचाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याने हात पुढे केला नाही.

"नाय वयनी. देवाच्या खोट्या शपथेत धरलंत ते. मी हात नाय लावणार त्याला."

एवढं बोलून तो मांडवाबाहेर गेला. मंजुळाने पदर सोडला आणि वल्ह्याच्या होडीच्या दोरीला हात घातला. नवरा-बायको दोघं ती होडी ओल्या वाळूतून ओढत परत घेऊन चालले. मदतीला बरेच पुढे झाले, पण मंजुळाने मागे नुसतं वळून पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले.

सोनूबाई तशीच उभी होती, हातात बूच धरून. तिने तुळशीदासकडे पाहिलं, तो छपराकडे बघत होता. तिने बायांकडे पाहिलं. जानकीने मान फिरवली. त्या पाड्यात धर्माने नाकारलेली होडी दुसरं कोणी दर्यात घालत नाही, हे राजारामला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते त्याला पुनवेच्या दिवशी कळलं, जेव्हा सगळ्या होड्या नारळ सोडून वाजतगाजत निघून गेल्या आणि एक तेवढी ओंडक्यांवर राहिली, पावसात, उघडीच.

जमात उठल्यावर कोणीतरी राजारामला चहा विचारला. त्याने नको म्हटलं. लाल डागाचा रुमाल चुरगळून खाडीत फेकला आणि बुटांतलं पाणी चुबुकचुबुक वाजवत चौकीच्या वाटेला लागला.